आजारी कोंबडा : रोग ओळखावा कसा व शुश्रूषा करावी कशी



आपल्या गावात दारात कोंबडी नाही असे घर क्वचितच सापडेल. तरी कोंबडीला आपण जनावरांत धरत नाही. बैल आजारी पडला तर रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन जातो. कोंबडे पंख गाळून बसले की आपण "मर आली" एवढेच म्हणतो. मग दोनच वाटा उरतात. एक सुरीची आणि दुसरी पाचोडच्या बाजाराची.

पण "मर" नावाचा असा एकच रोग नाही. कोंबड्यांना अनेक रोग होतात. त्यातले काही औषधाने बरे होतात. काहींना औषधच नाही, फक्त आधी टोचलेली लस आहे. काही रोगांत कोंबडीला हातसुद्धा लावू नये. आपल्या कोंबड्याला यातले काय झाले आहे हे नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. कसे पाहायचे ते मी या लेखात लिहिले आहे. यंदा श्रावणात आमच्या घरची पिल्ले आजारी पडली. तेव्हा मी रोज वहीत नोंद केली आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना प्रश्न विचारले. त्यावरूनच हा अभ्यास तयार झाला.

१) आधी निरोगी कोंबडा ओळखा

निरोगी कोंबडा कसा दिसतो हे माहीत असेल तरच आजारी ओळखता येतो. निरोगी कोंबडा सकाळी खुराडे उघडताच बाहेर उडी मारतो. त्याचे डोळे गोल व चमकदार असतात. नाक कोरडे असते. पिसे अंगाला चापून बसलेली असतात. तो दिवसभर उकरतो आणि हाक मारली की धावत येतो.

त्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा जास्त असते. माणसाचे तापमान ३७ अंश सेल्सिअस, तर कोंबड्याचे ४१ ते ४२ अंश. म्हणून कोंबडा हाताला गरम लागला म्हणजे त्याला ताप आहे असे समजू नये.

शीटही पाहावी. चांगली शीट घट्ट असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. ही पांढरी टोपी म्हणजेच कोंबडीची लघवी. पक्ष्यांची लघवी वेगळी होत नाही, ती शिटेबरोबरच पडते. याशिवाय दिवसातून काही वेळा चॉकलेटी रंगाची, चिकट व घाण वासाची शीट पडते. ती पाहून घाबरू नये, तीही नेहमीचीच आहे.

गळ्याखाली छातीच्या वर दाण्याची पिशवी असते. संध्याकाळी ती भरलेली आणि सकाळी रिकामी लागली पाहिजे. सकाळीही ती टणक राहिली असेल तर दाणा अडकला असे समजावे. संध्याकाळी रिकामी असेल तर कोंबडा दिवसभर उपाशी राहिला आहे.

एक गोष्ट डॉक्टरांनी मुद्दाम सांगितली. कोंबडी आपला आजार लपवते. कळपातली दुबळी कोंबडी बाकीच्या टोचतात आणि घारही तिच्यावरच झडप घालते. म्हणून ती शक्य तेवढा वेळ चांगली असल्यासारखी वागते. ती उघडपणे आजारी दिसते तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. त्यामुळे "उद्या बघू" म्हणणे महागात पडते.

२) पहिले काम : वेगळे करणे

रोगाचे नाव कळायच्या आधीच आजारी पिल्लू कळपातून काढावे. आमच्याकडे एका कोंबडीची अकरा पिल्ले होती, सुमारे दोन महिन्यांची. बुधवारी सकाळी त्यातले एक खुराड्यात मरून पडलेले दिसले. त्याच दिवशी संध्याकाळी एक तांबडा कोंबडा भिंतीला टेकून, डोळे मिटून, पिसे फुलवून बसला. आजी म्हणाली, "अगं, मर आलीया. आज कापा, न्हाई तर उद्या फुकट जाईल." आईच्या मनात तो गुरुवारी पहाटे बाजारच्या माणसाबरोबर पाठवायचे होते. पिल्ले आईची, त्यांचे पैसेही तिचेच. दिवाळीपर्यंत कोंबडे वाढवून विकायचे आणि माझ्या दप्तराचे व चपलांचे पैसे करायचे असे तिने ठरवले होते. म्हणून तिची घाई मला समजत होती.

तरी बाबांनी नको म्हटले. आजारी कोंबडे बाजारात गेले तर ज्या डालग्यात बसते त्यातल्या सगळ्या कोंबड्यांना रोग लागू शकतो. तिथून तो दहा गावांत जातो आणि पुढच्या बाजारी आपल्याच गावात परत येतो. आजारी कोंबडे कापून खाणेही बरे नाही. कापताना रक्त व पिसे हाताला लागतात, आणि रोग कोणता हे तोवर माहीत नसते.

म्हणून आम्ही तांबड्याला घराच्या दुसऱ्या बाजूला खोक्यात ठेवले. त्याचे पाण्याचे भांडे वेगळे केले. चांगल्या पिल्लांना आधी चारा घालायचा, आजारी कोंबड्याकडे शेवटी जायचे आणि मग साबणाने हात धुवायचे, हा क्रम आम्ही ठरवला. क्रम उलटा झाला तर आपल्याच हातांनी व चपलांनी रोग पसरतो.

३) डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासणी

कोंबड्याला मांडीवर घेऊन, पंख हलके दाबून, क्रमाने पाहावे. आमच्या तांबड्यात काय दिसले तेही शेजारी लिहिते.

तुरा : लाल, काळपट, फिका, की फोड आलेला? — फिका, जवळजवळ पिवळट.
डोळे व नाक : पाणी, सूज, शेंबूड? — काही नाही.
श्वास : तोंड उघडून, घरघर? कानाजवळ धरून ऐकावे. — आवाज नाही.
तोंडाच्या आत : पिवळे-पांढरे चट्टे? — नाहीत.
मान : वाकडी, पिळलेली? — सरळ.
दाण्याची पिशवी : — रिकामी.
छातीचे हाड : दोन्ही बाजूंना मांस आहे की हाड धारदार लागते? — थोडे धारदार.
पंख व पाय : लुळे, लंगडे? — पंख गळालेले, पण पाय चांगले.
अंगावर पिसवा, उवा, गोचीड? पंखाखाली व शेपटीखाली पाहावे. — नाहीत.
शीट : खाली वर्तमानपत्र पसरून तासाभराने पाहावी. — पातळ, त्यात लाल रक्त.
वजन : — दुकानाच्या काट्यावर ४८० ग्रॅम.

कागद पसरण्याची युक्ती सगळ्यांनी करावी. मातीवर पडलेली शीट कळत नाही, कागदावर ती लगेच दिसते.

४) कोणता रोग?

आपल्या भागात दिसणाऱ्या रोगांच्या मुख्य खुणा अशा :

मानमोडी : यालाच रानीखेत रोग म्हणतात. हिरवी पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, मान पिळवटणे, पाय किंवा पंख लुळे पडणे. लहानमोठी सगळीच कोंबडी पटापट मरतात.
देवी : तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड व काळ्या खपल्या. डासांमुळेही पसरतो. फोड फक्त कातडीवर असतील तर तीन-चार आठवड्यांत खपल्या पडतात. तोंडात-घशात आले तर धोका जास्त.
सर्दी-घरघर : नाक वाहते, डोळे सुजतात, रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येते.
मरेक : एक पाय पुढे व एक मागे असा पसरून कोंबडे पडते. यावर औषध नाही.
जंत : कोंबडे खाते, पण वाळत जाते. हे हळूहळू, आठवड्यांत होते.
रक्ती हगवण : पावसाळ्यात लहान पिल्लांना होते. पिसे फुलवून बसणे, फिका तुरा, रक्ताची शीट. मोठ्या कोंबड्या मात्र चांगल्या राहतात.

आता ताडून पाहा. मान सरळ होती, श्वास चांगला होता, मोठ्या कोंबड्या ठणठणीत होत्या. म्हणजे मानमोडीची शक्यता कमी. फोड नव्हते, पाय चांगले होते. राहिली रक्ती हगवण. पण खूण जुळली म्हणजे खात्री झाली असे नाही. गुरुवारी सकाळी आणखी एक पिल्लू मेले. बाबांनी हातात पिशवी चढवून ते दुसऱ्या पिशवीत घातले आणि आम्ही लगेच दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी मेलेले पिल्लू उघडून दाखवले. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या असतात. पुढे वाट नसल्याने त्यांना आंधळी आतडी म्हणतात. त्या दोन्ही पिशव्या रक्ताने टम्म भरल्या होत्या, गडद लाल गवारीच्या शेंगांसारख्या. डॉक्टर म्हणाले, "बघ बाई, हीच रक्ती हगवण. जिवंत कोंबड्याने जे सांगितलं नाही ते मेलेल्यानं सांगितलं." म्हणून एक-दोन पिल्ले मेली तर ती ओढ्यात फेकू नयेत. ताजे असतानाच डॉक्टरांना दाखवावे. त्यामुळे उरलेली वाचतात. शिळे झाले की त्यावरून काही कळत नाही.

५) ही हगवण होते कशी

हा रोग कॉक्सिडिया नावाच्या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो. आजारी पिल्लाच्या शिटेतून त्याच्या बीजकोशिका बाहेर पडतात. पडल्या पडल्या त्या रोग देत नाहीत. ओल व ऊब मिळाली तर एक-दोन दिवसांत त्या तयार होतात. मग दुसरे पिल्लू तीच माती टोचते आणि त्या पोटात जातात. तिथे आतड्याच्या अस्तरात त्या वाढतात आणि अस्तर फोडून बाहेर पडतात. त्यामुळे रक्त येते.

आता आपली काळी जमीन आठवा. श्रावणात ती चार-चार दिवस वाळत नाही. आमच्या खुराड्यापुढे पाण्याची थाळी होती आणि भोवती कायम चिखल. पिल्ले तिथेच हगत आणि तिथेच दाणे वेचत. रोगाला याहून चांगली जागा कोणती! म्हणून हा रोग देवाचा कोप नव्हे आणि कोणाची नजरही नव्हे. ओल आणि घाण हेच त्याचे कारण. हा कॉक्सिडिया कोंबडीचाच आहे, तो माणसाला किंवा गाईम्हशींना होत नाही.

६) औषध व शुश्रूषा

डॉक्टरांनी अँप्रोलियम नावाची पूड दिली. ती पिण्याच्या पाण्यात मिसळायची. माप त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले. माप औषधाच्या पुडीप्रमाणे बदलते, म्हणून ते मी इथे लिहीत नाही. प्रत्येकाने विचारूनच घ्यावे. यातल्या चार गोष्टी मात्र सर्वांनी लक्षात ठेवाव्यात :

(अ) औषधाचे पाणी रोज ताजे करावे आणि तेवढे दिवस दुसरे पाणी समोर ठेवू नये. नाहीतर कोंबडा साधे पाणी पितो व औषध पोटात जात नाही.
(आ) औषध आजारी पिल्लाबरोबर त्याच्या सगळ्या भावंडांनाही द्यावे. त्यांनीही तीच माती खाल्लेली असते.
(इ) औषध चालू असताना जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नये. अँप्रोलियम हे ब-१ जीवनसत्त्वासारखे दिसते. कॉक्सिडिया त्याला जीवनसत्त्व समजून घेतो आणि उपाशी मरतो. आपण खरे ब-१ पाजले तर त्याची उपासमार टळते. टॉनिक नंतर द्यावे.
(ई) बरे वाटले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. औषध संपल्यावर किती दिवस कोंबडी खायची नाही तेही विचारून घ्यावे.

औषधाइतकीच शुश्रूषा महत्त्वाची. आजारी कोंबड्याला आपली ऊब राखता येत नाही. खोक्यात गोणपाट घालून एका बाजूला ऊब द्यावी आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे गरम झाले तर तो सरकेल. पूर्वी लोक पिवळा दिवा लावून ठेवत. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, पण ऊब देत नाहीत. आम्ही बाटलीत गरम पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. लाईट गेली तरी ही ऊब राहते आणि आगीची भीती नसते.

चोच उघडून पाणी ओतू नये. श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. पाणी तिकडे गेले तर कोंबडा गुदमरतो. बोट बुडवून चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा, तो आपणच गिळतो. खायला ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या, थोड्या थोड्या, दिवसातून चार-पाच वेळा द्याव्यात. उरलेले लगेच काढून टाकावे.

आजीने हळद लावू का विचारले. डॉक्टर म्हणाले, दाण्यात चिमूटभर हळद घातली तर बिघडत नाही, पण हळदीने ही हगवण थांबत नाही. वाट बघण्यात जो दिवस जातो तोच नडतो.

माझ्या वहीतली नोंद :

गुरुवार : औषध सुरू. खाल्ले नाही. शिटेत रक्त.
शुक्रवार : थेंबांनी पाणी घेतले. रक्त तसेच. वजन ४५५ ग्रॅम. रात्री आणखी एक पिल्लू मेले, त्याने औषधाचे पाणी प्यायलेच नव्हते.
शनिवार : तांबडा आपण होऊन पाणी प्यायला. रक्त कमी.
रविवार : कण्या टिपल्या. रक्त नाही.
सोमवार : उभा राहिला, पंख झटकले. शीट अजून पातळ.
पुढच्या शनिवारी : वजन ५१० ग्रॅम. तुरा गुलाबी.

अकरातली आठ पिल्ले राहिली. शुश्रूषेने सगळीच वाचतात असे नाही. पण तांबडा त्या पहिल्या रात्री कापला असता आणि बाकीचे तसेच सोडले असते, तर आठ राहिली नसती असे डॉक्टरांनी सांगितले.

७) जागेची सफाई

या बीजकोशिका फिनेलने मरत नाहीत. त्या ऊन, उष्णता व कोरडेपणा यांनी मरतात. आम्ही खुराड्यातली वरची माती खरवडून खड्ड्यात पुरली. फळ्यांवर उकळते पाणी ओतून त्या उन्हात टाकल्या. खाली कोरडा भुसा पसरला. तो रोज हलवतो आणि ओला झाला की बदलतो. पाण्याची थाळी विटांवर ठेवली, म्हणजे पिल्ले तिच्यात पाय देत नाहीत. दाणा जमिनीवर फेकायचे बंद करून पाटीत ठेवतो. मेलेली पिल्ले खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरली. उकिरड्यावर टाकली तर कुत्री ती गावभर नेतात.

८) ज्याला औषध नाही ती मानमोडी

रक्ती हगवणीला औषध आहे. मानमोडीला नाही. हा रोग १९२६ साली जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ओळखला गेला. त्याच सुमारास आपल्या देशात कुमाऊँच्या डोंगरातील रानीखेत येथे तो आढळला, म्हणून त्याला रानीखेत रोग म्हणतात. त्याच डोंगराळ भागात मुक्तेश्वर येथे जनावरांच्या रोगांची मोठी प्रयोगशाळा होती. ती १८८९ साली आपल्या पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला गेली. आज तिला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणतात. तिथे तयार झालेली मानमोडीची लस आजही वापरतात.

पिल्लू सुमारे आठवड्याचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एक थेंब. आठ ते दहा आठवड्यांचे झाले की आर-टू-बी ही लस टोचतात. लस फक्त निरोगी कोंबड्यांना द्यावी.

मग आपल्या गावात लस का देत नाहीत? अडचण अशी. लसीची एक लहानशी बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. एका घरी दहा कोंबड्या, मग उरलेली लस वाया जाते. म्हणून एकट्याने आणायला परवडत नाही. पण आमच्या एका गल्लीतच शंभर कोंबड्या सहज भरतील. सगळ्यांनी मिळून एकच सकाळ ठरवली आणि त्या दिवशी उजाडताना खुराडी उघडलीच नाहीत, तर एका बाटलीत गल्ली होते.

९) हात लावू नये अशी वेळ

एक-दोन पिल्ले मेली तर दवाखान्यात दाखवावीत. पण एकाच दिवसात पुष्कळ मोठ्या कोंबड्या, किंवा कावळे व बगळेही मरू लागले, तर मेलेल्याला हात लावू नये, कापू नये, कुठे नेऊ नये. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या नंबरवर फोन करून कळवावे. २००६ साली फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथम बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये तो आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी आला होता. हा रोग माणसालाही होऊ शकतो. म्हणून लपवालपवी करू नये.

लक्षात ठेवा

१. आजारी दिसला की त्याच क्षणी वेगळा करा.
२. खाली कागद पसरा, शीट पाहा, लिहून ठेवा.
३. आजारी कोंबडा बाजारात नेऊ नका.
४. ऊब, पाणी, कोरडी जागा, मग मापाने औषध.
५. मानमोडी आल्यावर धावपळ व्यर्थ, लस आधी.

पालकांना विनंती : या लेखाखाली एक कोरा कागद चिकटवला आहे. त्यावर आपल्या गल्लीचे नाव आणि घरी कोंबड्या किती व पिल्ले किती, एवढेच लिहावे. एका गल्लीच्या शंभर झाल्या की आम्ही सातवीची मुले गुरुजींबरोबर तो कागद घेऊन दवाखान्यात जाऊ आणि लसीचा दिवस मागून आणू. आमच्या घरच्या बारा मी सगळ्यात वर लिहिल्या आहेत.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी